तपकिरी खोगीर काळे करताना

अमेरिकी यादवी युद्धातले (१८६१–६५) प्रसंग पुन्हा साकारणाऱ्या हौशी मंडळींना काळे मॅक्लेलन खोगीर हवे असते. हाती मात्र बहुधा १९०४ च्या नमुन्याचे, लालसर तपकिरी खोगीर येते. मग ते घरीच काळे केले जाते.

कृती जुनी आहे. लोखंडाचा कीस सिरक्यात काही दिवस मुरवायचा आणि ते पाणी झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर फिरवायचे. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळेपणा तंतूंतच जन्मतो. जुनी लिहिण्याची शाई याच रसायनातून होई. तो पुसला जात नाही. राहिलेले आम्ल खाण्याच्या सोड्याने मारले नाही, तर चामडे पुढे ठिसूळ होते.

आणि एवढे करून साधते काय? १८५९ च्या मूळ नमुन्यात लाकडी सांगाड्यावर केवळ कच्चे कातडे ताणलेले असे. १९०४ च्या बैठकीवर कमावलेले चामडे आहे. जाणकाराला फरक कळतोच. नवशिका मात्र फसतो, आणि लष्कराने काळा रंग सोडून तपकिरी स्वीकारल्याचा अस्सल पुरावा कायमचा बुडतो. ही निव्वळ खोगीरभरती झाली. हौसेसाठी नवी प्रतिकृती घ्यावी आणि ती खुशाल काळी करावी.