जवसाचा धागा आणि जेवणाचे टेबल
विदर्भ-मराठवाड्यात तेलासाठी आणि चटणीसाठी पेरल्या जाणाऱ्या जवसाचेच उंच वाढणारे, कमी फांद्यांचे वाण फ्रान्सच्या नॉर्मंडीपासून बेल्जियम-नेदरलँड्सपर्यंतच्या किनारपट्टीत धाग्यासाठी घेतले जाते आणि त्याच्या खोडातील तंतूंपासून विणलेल्या कापडाला लिनन म्हणतात. या कापडाचा टेबलक्लॉथ निवडताना प्रथम माप पाहावे लागते. टेबल 150 बाय 90 सेंटिमीटरचे असेल आणि चहूबाजूंनी 25 सेंटिमीटर कापड खाली लोंबायला हवे असेल, तर कापड 200 बाय 140 सेंटिमीटरचे लागते, शिवाय पहिल्या धुण्यात लिनन आटत असल्याने थोडी वाढीव लांबी-रुंदी धरावी लागते. मापानंतर वीण पाहावी. डमास्क, म्हणजे एकाच रंगात केवळ उभ्या-आडव्या धाग्यांच्या वेगळ्या मांडणीतून नक्षी उमटवणारी वीण, उजेडात तिरपी धरली की उठून दिसते. ओले झाल्यावर लिनन अधिक बळकट होत असल्याने ते वारंवार धुतले तरी टिकते. मात्र क्लोरीनयुक्त ब्लीच धागा कमकुवत करते. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, कारण तिच्यातील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे साबणासारख्या क्षारधर्मी द्रव्यात, रंग बदलते. तो नीट खळबळून कापड उन्हात वाळवले की हा रंग बराच विटतो. इस्त्री कापड दमट असतानाच, नक्षीच्या उलट बाजूने करावी आणि एकाच घडीवर धागे तुटू नयेत म्हणून ते गुंडाळून ठेवावे.