गाडी तुयी, झाड मायं

मागच्या महिन्यात नवी गाडी बुक केली. पहिलीच, स्वतःच्या पगारातली! फोटो लगेच परतवाड्याला बाबांना पाठवला. पाचच मिनिटांत फोन. मला वाटलं, अभिनंदन करतील. बाबा म्हणाले, "आणशीन तं खरी, पन उभी कुठी करशीन? फाटकासमोर निंब हाय."

मी घाईत होतो. मीटिंग सुरू व्हायची होती. बोलून गेलो, "मग तोडून टाका ना. तसंही पानं झाडून झाडून आईची कंबर मोडते."

पलीकडे शांतता. मग हळूच आवाज आला, "पाय बाप्पा. गाडी तुयी, झाड मायं." फोन बंद.

आता गंमत ऐका. हाच मी एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात वेताळ टेकडी वाचवण्यासाठी निघालेल्या पदयात्रेत होतो. हातात बोर्ड, डोक्यावर टोपी, संध्याकाळी फोटो अपलोड. टेकडी वाचवणारा मी, अंगणातलं झाड मात्र एका वाक्यात तोडायला निघालो होतो. 'शाश्वत विकास' म्हटलं की आपल्याला ऑफिसातलं प्रेझेंटेशन आठवतं. तो आपल्या फाटकात उभा असतो, हे लक्षातच येत नाही.

पुण्यातले मित्र म्हणतात, "तुमचं काय बुवा, मेळघाटच्या पायथ्याशी राहता!" खरंय. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव जंगलांत मेळघाट होता. चिखलदऱ्याला जाणारे सगळे आमच्या गावात चहा पिऊन पुढे जातात. पण मेळघाटची सावली परतवाड्याच्या बाजारात पडत नाही. मे महिन्यात दुपारी दुपट्टा बांधून बाहेर पडलं की कळतं, आपल्याला लागणारं झाड आपल्याच गल्लीत असावं लागतं.

कारण साधं आहे. काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्रभर परत करत बसतं. एसी घरातली गरमी उचलून रस्त्यावर फेकतो. झाड मात्र ऊन भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. शिवाय पानांतून पाणी वाफ होऊन जातं, त्यात आजूबाजूची उष्णता खर्च होते. म्हणजे आपल्या अंगणातला कूलरच, फक्त लाईटबिल नाही. आणि खोडाभोवतीच्या उघड्या मातीत पावसाचं पाणी मुरतं, ते वेगळंच.

सेसिल कोनाइनेन्डाइक नावाच्या अभ्यासकाने २०२१ मध्ये शहरांसाठी एक सोपा फंडा मांडला: ३-३०-३००. घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांचं छत्र असावं आणि जवळची बाग ३०० मीटरच्या आत असावी. मी पुण्याच्या फ्लॅटच्या खिडकीत उभं राहून मोजलं. एक गुलमोहर. दुसरं झाड लॉबीत आहे, पण ते प्लास्टिकचं! परतवाड्याच्या घरातून मात्र बरोब्बर तीन दिसतात. आमचा निंब, शेजारचा आंबा आणि मागचं सीताफळ. निंब गेला की पास झालेलं घर नापास.

मग कायदाही वाचला. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा महाराष्ट्राचा कायदा शहरी भागात स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आमचा निंब आजोबांनी लावला तेव्हा बाबा चौथीत होते. हिशेब केला, सत्तावन्न वर्षं! म्हणजे एका पार्किंगसाठी सत्तावन्न रोपं. आणि ती सगळी जगली, तरी येत्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाही रोपाखाली बाबांची खाट मावणार नाही.

रात्री फोन केला. "बाबा, झाड राहू द्या. फाटक चार फूट डावीकडे सरकवू. मिस्त्रीचे पैसे मी देतो. आणि बुंध्याभोवतीचं सिमेंटही काढून घेऊ, मुळांना थोडं पाणी मिळू द्या."

"मिस्त्री सकायीच पाहून गेला," बाबा म्हणाले. "मले माहीत होतं, तू फोन करशीन."

तेव्हा मंडळी, या वीकेंडला एक काम करा. खिडकीत उभं राहा आणि झाडं मोजा. तीन भरली नाहीत, तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पार्किंगच्या आधी तो विषय काढा. आणि तीन भरली, तर ती कोणी लावली, ते घरच्या मोठ्यांना विचारा.

फोन ठेवताना बाबांनी एकच अट घातली. "गाडी निंबाखालीच लाव, थंडी राहीन. पन पाखरायनं घान केली तं मले सांगू नोको!"