टाकी भरण्याआधी सवय तपासा



गेल्या उन्हाळ्यात आमची जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटरसुद्धा देईना. आम्ही पेट्रोलवर संशय घेतला, पंप बदलला. मग मेकॅनिकला दोष दिला. शेवटी एका पंक्चरवाल्याने हवा तपासली, तर चारही चाकांत हवा कमी! डिकीत स्नेहसंमेलनाचे लोखंडी स्टँड आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे तसेच पडलेले, टपावर रिकामे कॅरिअर. 'उत्तर चुकले तर आधी आपलेच गणित तपासा' असे मुलांना रोज सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनी स्वतःचे गणित मात्र सर्वांत शेवटी तपासले. म्हणून हा लेख.

आमचे मत असे की, गाडीचे मायलेज जेवढे इंजिनात असते तेवढेच चालविणाऱ्याच्या पायात असते. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. त्याचा भाव आपल्या हातात नाही. सवय मात्र आहे.

प्रथम मोजावयास शिकू या. टाकी पूर्ण भरून मीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी पूर्ण भरावी आणि मधल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. हा भागाकार सहावीच्या मुलाला येतो. पालकांनी हे काम त्याच्याकडेच सोपवावे. महिन्याला ६०० किलोमीटर धावणारी गाडी १५ ऐवजी १८ चे मायलेज देऊ लागली, तर ४० लिटरऐवजी सव्वातेहतीस-साडेतेहतीस लिटर पुरते. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेसहाशेहून अधिक रुपये वाचतात. हीच गोष्ट मोटारसायकलला आणि मुलांना शाळेत आणणाऱ्या ऑटोलाही लागू आहे. ऑटोवाल्या भाऊंची तर रोजची कमाईच त्यावर ठरते.

आता सवयी. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था म्हणजे पी.सी.आर.ए. १९७८ पासून इंधन बचतीचे काम करते. तिचा सल्ला ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा आहे. पैनगंगा ओलांडून नागपूरला जाताना ४४ क्रमांकाच्या महामार्गावर शंभरचा काटा गाठण्यात काही मिनिटे वाचतात, पेट्रोल मात्र जळते आणि जीव टांगणीला लागतो. एकदम ॲक्सिलरेटर दाबणे आणि लगेच ब्रेक मारणे म्हणजे विकत घेतलेला वेग ब्रेकमध्ये जाळून टाकणे होय. पुढे पाहून पाय आधीच उचलावा.

देखभालीत टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. ब्रेक घासतो का ते पाहावे. ऑइल कंपनीने सांगितलेलेच घालावे. कापसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर काळ्या मातीची धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वेळेवर साफ करावा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत त्याचा मायलेजवर परिणाम होतो. नव्या गाड्यांत मायलेज फारसे घटत नाही, पण गाडीचा जोर कमी होतो.

एका चुकीच्या सवयीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. निर्मलजवळ महबूब घाट उतरताना काहीजण गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. ही बचत नव्हे. आजच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचे पेट्रोल आपोआप थांबते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी ते लागतेच. आणि इंजिन बंद केले तर ब्रेक व स्टेअरिंग जड होते. दहा रुपयांसाठी घरच्या माणसांना असे संकटात टाकू नये.

शेवटी आपल्या फाटकाविषयी. शाळा सुटताना बाहेर गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलच्या वजनापेक्षा जास्त कसा, हे विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारावे! त्याबरोबर इतर विषारी वायूही बाहेर पडतात, आणि पहिलीच्या मुलाचे नाक धुराच्या नळीच्या जवळ असते. दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करणेच स्वस्त पडते.

पालक म्हणतील, 'सर, आदिलाबादचे ऊन! एसी कसा बंद करणार?' म्हणणे रास्त आहे. म्हणून विश्वस्तांना आमची विनंती की फाटकाशेजारी एक पत्र्याचे शेड व दोन बाक करून द्यावेत. सावली शाळेने द्यावी, इंजिन पालकांनी बंद करावे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेथे 'बूँद बूँद से घड़ा भरता है' शिकलो. येथे 'थेंबे थेंबे तळे साचे' शिकवितो. थेंबाथेंबाने टाकी रिकामीही होते, एवढे मात्र आम्हांस आमच्या गाडीने शिकविले.