गॅस दिला की मागे पडतो!

मी चंद्रपूरचा, हे कळलं की ऑफिसातले लोक आधी ताडोब्याचा वाघ विचारायचे. २ एप्रिल २०२२ नंतर प्रश्न बदलला: ‘तुमच्याकडे आकाशातून काय पडलं म्हणे?’ त्या रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत माणसापेक्षा मोठं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या शिवारात गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे तुकडे असावेत, असं जाणकार म्हणाले. कुणाला लागलं नाही, नशीब!

तेव्हापासून अवकाशातली कुठलीही बातमी आली, की मी आधी वजन बघतो आणि मग परतीचा प्लॅन. म्हणून इस्रोचं स्पेडेक्स माझं लाडकं. ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्ही-सी६०ने सोडलेले हे जुळे उपग्रह प्रत्येकी २२० किलोचे, म्हणजे बुलेटपेक्षा थोडे जड. काम काय, तर ४७० किलोमीटर उंचीवर एकमेकांजवळ उडायचं आणि मग जोडलं जायचं.

छोटं म्हणजे सोपं, असं वाटतंय? उलट आहे, बॉस! मूल रोडवर पुढच्या बाइकला गाठायचं तर तुम्ही गॅस देता. कक्षेत मागच्याने गॅस दिला की तो वरच्या कक्षेत जातो, तिथली चक्कर लांब, वेग कमी, आणि पठ्ठ्या आणखी मागे पडतो. त्यात छोटं यान जराशा धक्क्यानेही जास्त हलतं, म्हणून थ्रस्टरची फुंकर अगदी मोजून हवी. शिवाय इंधनाची टाकी, एकमेकांशी बोलायचा रेडिओ, अंतर मोजणारा लेझर, जोडणीची यंत्रणा, सगळा संसार वन-रूम-किचनमध्ये!

८ जानेवारी २०२५ला दोघांतलं अंतर ५०० मीटरवरून २२५वर आणताना एक यान अपेक्षेपेक्षा जास्त सरकलं. दुसऱ्या दिवशीचं डॉकिंग पुढे ढकललं. मला सगळ्यात आवडलं ते हेच. डेडलाइन आहे म्हणून कुणी रेटलं नाही. १६ जानेवारीला दोघे जोडले गेले. सेकंदाला साडेसात किलोमीटरने धावणारे हे दोघे, पण शेवटी जवळ यायचा वेग सेकंदाला सेंटीमीटरभर!

आणि परतीचा प्लॅन? त्या रॉकेटचा चौथा टप्पा मुद्दाम ३५० किलोमीटरवर उतरवला होता. वर फुटू नये म्हणून उरलेलं इंधनही काढून टाकलं. ४ एप्रिल २०२५ला तो हिंदी महासागरावर खाली आला. कुणाच्या शिवारात नाही.