क्वालिसचं वय नको, धूर मोजा
आमच्या कराडच्या घरची क्वालिस २००३ची. इंडोनेशियातल्या किजांगवरून बेतलेली ही गाडी टोयोटाने २००० साली भारतात आणली, भागीदार किर्लोस्कर. यंत्रमागापासून सुरू झालेलं जपानी घराणं आणि लोखंडी नांगराने नाव कमावलेलं आपलं घराणं एकत्र आलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मागणी असतानाच २००५ मध्ये क्वालिस थांबली, इनोव्हा आली.

दिसायला ठोकळाच. पण २.४ लिटरचं साधं डिझेल इंजिन, टर्बोसुद्धा नाही. आठ माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या घेऊन ती कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर निमूट चढते. आमचे मिस्त्री बॉनेट उघडून नुसता कानोसा घेतात आणि कुठला नॉझल गेलाय ते सांगतात. असं इंजिन नीट राखलं तर वर्षानुवर्षं साथ देतं.

पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आणि पर्यावरण कर मला मान्य आहे. जुन्या डिझेलचा धूर वाईटच. म्हणून धूर मोजा, ब्रेक तपासा, चासीचा गंज बघा. नापास झाली तर खुशाल भंगारात घाला. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर नुसत्या वयावरून बंदी आली. तसला नियम महाराष्ट्राने आणू नये.