शांत, स्वस्त... आणि कुणाचं?

परवा रात्री मेसमध्ये जेवताना आमच्या एका सीनियरने जाहीर केलं, की तो एम.एस.साठी दक्षिण कोरियाला जाणार. सोलला नाही, देजॉनला. "सोल महाग आहे गं. देजॉन शांत आहे, स्वस्त आहे. स्टायपेंडमधून पैसे उरतील. अजून काय पाहिजे?" मी विचारलं, "आणि भाषा?" तो म्हणाला, "लॅबमध्ये इंग्लिश चालतं. दुकानात बोट दाखवलं की झालं!"

सगळे हसले. मीही हसले. पण रूमवर आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण 'शांत' आणि 'स्वस्त' हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे, माझ्याच गावाबद्दल.

मी डहाणूची. २०१३ साली लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून रविवारची गर्दी काही विचारू नका. मुंबईची माणसं येतात, सुरूच्या झाडांखाली बसतात, चिकू विकत घेतात आणि म्हणतात, "काय शांत आहे! इथे एक छोटंसं घर घेऊन टाकायला पाहिजे." पूर्वी हे ऐकून मला अभिमान वाटायचा. आता जरा राग येतो. त्या माणसांचा नाही. गाव आपोआप शांत असतं आणि आपोआप स्वस्त असतं, या समजुतीचा.

शांततेचं बघा. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तालुक्यातल्या सगळ्या उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून देखरेखीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले, तोवर तेच त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे आमची शांतता कुणीतरी कोर्टात भांडून मिळवलेली आहे. त्या भांडणाऱ्यांत पुढे होत्या नर्गिस इराणी.

आडनाव लक्षात आलं ना? इराणी. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही यझ्द, केरमानकडून झरथुष्ट्री माणसं मुंबईला आली. काहींनी चहा-पावाची हॉटेलं काढली, काही डहाणू, घोलवड, बोर्डीकडे वळले आणि बागायतदार झाले. आज 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन आहे, त्यात या वाड्यांचा मोठा वाटा. चिकूचं झाड लावलं की भरघोस फळासाठी कित्येक वर्षं थांबावं लागतं. 'दोन वर्षं राहू आणि बघू' म्हणणारा माणूस चिकू लावत नाही.

त्यांच्याही आधी शेकडो वर्षं पारशी आले. तलासरीच्या शेजारी, आता गुजरातच्या हद्दीत असलेल्या संजाणला ते उतरले असं परंपरा सांगते. दुधात साखर विरघळवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. पण त्याच परंपरेत राजाने अटी घातल्या होत्या, त्या मात्र कुणी सांगत नाही. त्यातली एक अट होती: इथली भाषा बोलायची. साखर विरघळायला एवढं तर करावंच लागतं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता स्वस्ताईचं. या पट्ट्यात मजुरी स्वस्त होती, कारण ती बऱ्याचदा फुकट होती. वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि त्याच जमिनीवर वारली वेठीला राबले. त्या जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी आणि इराणीही होते. ज्यांनी झाडं लावली त्यांचं कौतुक करताना, खड्डे कुणी खणले तेही विचारायला हवं. १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि 'वेठ करणार नाही' असं त्यांनी ठरवलं. या लढ्यात त्यांच्यासोबत होत्या गोदावरी परुळेकर. त्याही बाहेरच्याच, पुण्याच्या, कायदा शिकलेल्या. पण त्या वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्यासोबत जेवल्या.

त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरं चारायला जातात, शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणावर नेऊ. म्हणून 'कुरणशाळा'. बाहेरून आलेल्या माणसाने कसं राहावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मी? मी कुठून बाहेरून आले नाही. डहाणूत जन्मले, डहाणूत वाढले. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे मराठी बोललं तरी बाई डोळे वटारायच्या. आमच्याकडे तलासरीच्या एका पाड्यावरून मावशी कामाला यायच्या. सात-आठ वर्षं आल्या. आईशी मराठीत बोलायच्या, शेजारच्या काकूंशी गुजरातीत, आणि माझ्यासाठी 'गुड मॉर्निंग'सुद्धा शिकल्या. त्यांच्या घरची वारली बोली मात्र मी कधी ऐकलीच नाही, कारण आमच्या घरात त्यांनी ती कधी बोलायची वेळच आली नाही. कधीही न शाळेत गेलेल्या बाईने आमच्या सोयीसाठी तीन भाषा सांभाळल्या, आणि जर्मनचा क्लास लावणाऱ्या मला तिच्या बोलीतलं एक धड वाक्य येत नाही. सांगा, आमच्यात परदेशी कोण?

वारली चित्र छापलेला कुर्ता मात्र माझ्याकडे आहे. दोन आहेत.

आता ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं आहे. मच्छीमारांचा विरोध आहे, काहींना नोकरीची आशा आहे. त्यावर वेगळा लेख होईल. पण बाहेरून माणसं येणार, हे नक्की. त्यात आपल्यासारखे इंजिनिअर्सही असतील. ते तिथे 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग' विचारतील. तो आकडा कमी का आहे, हेही त्यांनी विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सीनियरला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "जा रे खुशाल. पण बोट दाखवू नकोस, कोरियन शीक." तो म्हणाला, "तू आधी तुझ्या गावची शीक." बोलती बंद!

बरोबर आहे त्याचं. आणि मित्रांनो, तुमचंही काही वेगळं नाही. हॉस्टेलमध्ये चार वर्षं काढून मेसच्या काकांचं गाव कुठलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? दिवाळीच्या सुट्टीत मी मावशींच्या पाड्यावर जाणार आहे. सुरुवातीला एकच शब्द येतो मला, 'जोहार'. पुढचे त्या शिकवतील. फी काय घेतात, बघू!