परतूरवरून निघालेली फौज

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. भव्य सेट, जड अंगरखे आणि जवळपास तीन तासांची लांबी असूनही तो फारसा चालला नाही. अर्जुन कपूरच्या भाऊसाहेबांवर खापर फोडून अनेकजण मोकळे झाले. आम्हाला ते पटत नाही. संजय दत्तच्या अब्दालीकडेही डोळे वटारण्यापलीकडे काम कुठे होतं?

नवीन जालन्याच्या प्रेक्षकाला तर वेगळंच खटकायला हवं. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला नमवल्यावर मराठी फौज आपल्याच जिल्ह्यातल्या परतूरला होती. दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडल्याचं कळलं, खलबतं झाली आणि मार्चमध्ये भाऊसाहेब सदाशिवराव इथूनच उत्तरेला निघाले. पडद्यावर मात्र सगळा थाट शनिवारवाड्याभोवती. नाचगाणी रंगतात आणि या निर्णयाची घालमेल बाजूलाच राहते.

खरी गोष्ट रसदेची होती. लढवय्यांसोबत यात्रेकरू, बायकामुलं, बुणगे. तीर्थयात्रा आणि मोहीम एकाच वाटेवर! डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, धान्याची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर फौज लढली ती उपाशीपोटी. इतक्या हजार तोंडांना रोज दाणागोटा कुठून आणायचा, या एका प्रश्नावर चित्रपट उभा राहिला असता. मोंढ्यातल्या कुठल्याही अडत्याला विचारा, पटकथेतलं भोक तो तिथल्या तिथे दाखवेल.